निर्गम की पलायन?

दूरचित्रवाणीवरील मालिकेची दखल वाङ्मयीन त्रैमासिकाने घ्यावी काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यातही ती मालिका परदेशी, आणि तिचा नायक अंगी अचाट बळ असलेला अतिमानव! अशा कथा मुलांच्या करमणुकीपुरत्या असतात, प्रौढांनी त्यांत वेळ दवडू नये, असेच आपल्याकडे सामान्यतः मानले जाते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कमाध्यमांविषयीचा आदेश प्रसृत केला, तेव्हा तिने मात्र अधिक उदार भूमिका घेतली. दुरिताचे चित्रण नीतीची मर्यादा सांभाळून केले असेल, तर त्यातूनही माणसाचे अधिक खोल ज्ञान होऊ शकते, हे त्या आदेशात मान्य केले आहे. याच भूमिकेवरून आम्ही ‘स्मॉलव्हिल’ या अमेरिकन मालिकेतील एका भागाचा येथे विचार करणार आहोत. तिच्या दुसऱ्या पर्वाचा तो अखेरचा भाग. २० मे २००३ रोजी तो प्रथम प्रक्षेपित झाला. त्याचे नाव पवित्र शास्त्रातील दुसऱ्या पुस्तकाचे आहे : ‘निर्गम’.

आल्फ्रेड गॉफ आणि माइल्स मिलर या दोघांनी रचलेली ही मालिका १६ ऑक्टोबर २००१ रोजी सुरू झाली आणि दहा पर्वांनंतर १३ मे २०११ रोजी संपली. तिला संपूनही आता एका तपाहून अधिक काळ लोटला आहे. तरीही ती जुनी वाटत नाही, कारण तिचा विषय सुपरमॅनच्या पराक्रमाचा नसून सुपरमॅन होण्यापूर्वीच्या एका शेतकरी कुटुंबातील मुलाचा आहे. त्याला अजून झगा नाही, उड्डाण नाही, जगाचा जयजयकार नाही. शाळा आहे, शेत आहे, आईवडील आहेत आणि कोणालाही सांगता येऊ नये असे एक गुपित आहे.

मूळ कथा थोडक्यात आठवून घेऊ. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी निर्माण केलेला सुपरमॅन जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला. दोघेही ज्यू स्थलांतरितांच्या घरांतले. नष्ट होऊ घातलेल्या ग्रहावरून एक बाप आपल्या तान्ह्या मुलाला यानात घालून दूर पाठवतो, आणि परक्या लोकांत ते मूल वाढते, या कल्पनेत लव्हाळ्यांच्या पेटीत नाईल नदीवर सोडलेला मोशे अनेक अभ्यासकांना दिसला आहे. मुलाचे जन्मनाव कॅल-एल, आणि ‘एल’ हा हिब्रू भाषेत देववाचक शब्द. मराठी वाचकाला मात्र येथे मोशेबरोबरच आणखी एका मुलाची आठवण होईल. पेटीत घालून नदीत सोडलेल्या, अधिरथ आणि राधा यांच्या घरी वाढलेल्या कर्णाची. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने (१९६७) आणि रणजित देसाईंच्या ‘राधेय’ने (१९७३) तो आपल्या घराघरांत नेला. या तुलनेकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत.

मालिकेत कॅल-एलचे यान १९८९ साली कॅन्सस राज्यातील स्मॉलव्हिल या गावी उल्कावर्षावासह कोसळते. जोनाथन आणि मार्था केंट या निपुत्रिक दांपत्याला ते मूल सापडते. ते त्याचे नाव क्लार्क ठेवतात. परंतु त्याच उल्कांनी गावातील काही माणसे मेली आहेत. क्लार्क जिच्यावर प्रेम करतो त्या लॅना लँगचे आईवडील त्यांत होते. म्हणजे या नायकाचे पृथ्वीवरील येणेच इतरांच्या मरणाशी जोडलेले आहे, आणि हे त्याला कळले आहे. लेखकांनी कथेच्या आरंभीच हे ओझे त्याच्या खांद्यावर ठेवले, याचे महत्त्व पुढे ‘निर्गम’मध्ये कळते. जे त्याने केलेले नाही त्याचा दोष हा मुलगा स्वतःकडे घेत आला आहे. मग जे त्याने खरोखरीच केले त्याचा दोष तो कसा घेईल?

आवाज आणि डाग

‘निर्गम’मधील घटना एका लग्नाच्या आसपास घडतात. क्लार्कचा धनाढ्य मित्र लेक्स लूथर याचे लग्न आहे आणि वराशेजारी साक्षीदार म्हणून क्लार्कने उभे राहायचे आहे. लॅना आणि तो आताच कोठे एकमेकांजवळ आले आहेत. घरी त्याहून मोठा आनंद आहे. ज्या मार्थाने मूल होण्याची आशा सोडून दिली होती तिला दिवस गेले आहेत. सारा, हन्ना, अलीशिबा यांच्या कथा ज्यांना ठाऊक आहेत अशा वाचकांना या आनंदाचे मोल सांगावयास नको.

अशा वेळी तळघरात लपवून ठेवलेल्या यानातून आवाज येतो. तो क्लार्कच्या जन्मदात्या पित्याचा, जॉर-एलचा आहे. दुसऱ्या दिवशी मध्यान्हीपर्यंत सर्व सोडून निघावयाचे, नियतीने नेमलेल्या वाटेला लागावयाचे, अशी त्याची आज्ञा आहे. क्लार्क नकार देतो तेव्हा त्याच्या छातीवर एक खूण डागली जाते. याआधी त्याच पर्वात, २५ फेब्रुवारी २००३ रोजी प्रक्षेपित झालेल्या भागात, याच पित्याचा संदेश क्लार्कला मिळालेला असतो. मानवजात दुबळी आहे, तिच्यावर बळाने राज्य कर, असा त्याचा आशय. तो उलगडून सांगणाऱ्या शास्त्रज्ञाची भूमिका क्रिस्तोफर रीव्ह यांनी केली होती. १९७८ च्या चित्रपटातील सुपरमॅन तेच. १९९५ साली घोड्यावरून पडल्यानंतर मानेखालचे शरीर निश्चल झालेल्या या नटाने चाकांच्या खुर्चीत बसून बळाविषयीचा तो संदेश वाचावा, यातील अर्थ मालिकेने शब्दांत सांगितला नाही, हे बरेच केले.

येथे ख्रिस्ती वाचकाने थोडे थांबले पाहिजे. ‘मालिकेतील पिता म्हणजे देवाचे रूपक, पुत्र म्हणजे ख्रिस्त’ असे समीकरण मांडण्याचा मोह पुष्कळांना होतो. आकाशातून पुत्राला पाठवणारा पिता दिसला की आपल्याला शुभवर्तमान आठवते. परंतु हे समीकरण फसवे आहे, आणि या भागात ते फसवे असल्याचे स्पष्ट दिसते. जॉर-एल बोलावतो, पण वाट पाहत नाही. तो मुदत देतो. तो विचारत नाही, डाग देतो. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत नासरेथला येतो तेव्हा पवित्र मरिया प्रश्न विचारते, आणि तिच्या प्रश्नाला उत्तर मिळते. तिने होकार देईपर्यंत सारे आकाश जणू थांबून राहते. बाप्तिस्म्यातही आपल्यावर एक न पुसणारी मुद्रा उमटते, असे ख्रिस्तसभा शिकवते. पण ती मुद्रा प्रेमाच्या कराराची आहे, गुलामाच्या कातडीवरील डागाची नव्हे. तेव्हा क्लार्कने या आवाजाला नकार दिला, यात त्याचा दोष आम्हाला दिसत नाही. उलट त्या नकारात केंटांच्या घरचे संस्कार बोलतात.

दोष पुढे आहे.

प्रमाद

ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या नायकाविषयी जे सांगितले ते आमच्या पिढीने सेमिनरीत आणि महाविद्यालयात पाठ केले होते. नायक दुष्ट नसावा आणि सर्वगुणसंपन्नही नसावा. त्याचा नाश दुष्टपणाने नव्हे, तर एखाद्या प्रमादाने व्हावा. क्लार्क केंटचा प्रमाद कोणता?

लेक्सचा बाप लायनेल लूथर याच्याजवळ यानाची एक किल्ली आहे. ती क्रिप्टोनाइटची, म्हणजे क्लार्कला ज्याने वेदना होतात आणि ज्याच्या सान्निध्यात त्याचे बळ ओसरते त्याच खनिजाची बनवलेली आहे. ती किल्ली मिळवून तो तळघरात उतरतो आणि यानात घालतो. यान नष्ट झाले की आवाज थांबेल आणि आपण आपल्या माणसांत राहू, इतका साधा त्याचा हिशेब. तो आईवडिलांना आपला बेत सांगत नाही. आणि स्फोट होतो. त्याच वेळी जोनाथन आणि मार्था गाडीतून घराकडे येत असतात. स्फोटाचा लोट गाडीवर येऊन आदळतो, गाडी उलटते. मार्थाचा जीव वाचतो. पोटातील बाळ जाते.

घटनांच्या या जुळणीत योगायोग आहे, हे मान्य केले पाहिजे. गाडी दोन मिनिटे उशिरा आली असती तर काही घडले नसते. तरीही हा योगायोग आम्हाला कृत्रिम वाटत नाही. माणसाच्या उतावीळ कृतीचा फटका कोणाला बसेल हे त्याच्या हाती नसते, आणि बहुधा तो घरच्यांनाच बसतो, कारण तेच सर्वांत जवळ असतात. क्लार्कच्या हेतूत वाईट काही नव्हते. घर वाचावे हाच त्याचा हेतू. पण ज्या गोष्टीला शब्दांनी तोंड द्यावयाचे तिला त्याने बळाने तोंड दिले. ज्या गोष्टीविषयी तिघांनी बसून बोलावयाचे ती त्याने एकट्याने उरकली. त्याचा प्रमाद आहे तो येथे.

कर्णाशी तुलना येथे उपयोगी पडते. युद्धापूर्वी कृष्ण कर्णाला त्याच्या जन्माचे रहस्य सांगतो आणि थोर कुळाचे सारे वैभव त्याच्यापुढे ठेवतो. कर्ण ते नाकारतो. राधेने मला वाढवले, तिचे ऋण मी विसरणार नाही, अशा अर्थाचे त्याचे उत्तर आहे. निवड तीच, क्लार्कची आणि कर्णाचीही : रक्तापेक्षा जिव्हाळ्याची. पण कर्णाने कृष्णासमोर उभे राहून उत्तर दिले, आपला निर्णय शब्दांत मांडला आणि त्याचे परिणाम डोळ्यांसमोर ठेवून स्वीकारले. क्लार्क उत्तर देत नाही, विचारणाऱ्यालाच नाहीसा करू पाहतो. तो मुलगा सोळा-सतरा वर्षांचा आहे, हे आपण विसरू नये. आपल्या घरांतील याच वयाची मुले ज्या प्रश्नाला उत्तर सापडत नाही त्या प्रश्नाची दारे धाडकन आपटून बंद करतात. त्यांच्या हातात क्रिप्टोनाइटची किल्ली नसते, एवढेच.

रुग्णालयातील वाक्य

या भागातील सर्वांत अवघड प्रसंग स्फोटाचा नाही. तो रुग्णालयातील आहे. बाळ गेल्याचे जोनाथन क्लार्कला सांगतो. असे काही घडावे अशी आपली इच्छा नव्हती, असे क्लार्क म्हणू पाहतो. तेव्हा, तू परिणामांचा विचार केला होतास काय, अशा आशयाने जोनाथन त्याला सुनावतो.

जॉन श्नायडर यांनी उभा केलेला जोनाथन केंट हा तापट पण सचोटीचा शेतकरी आहे. आजवर प्रत्येक पेचात मुलाच्या खांद्यावर हात ठेवणारा बाप म्हणून आपण त्याला ओळखतो. म्हणूनच त्याच्या तोंडून आलेला हा जाब लागतो. त्यात खोटे काही नाही. क्लार्कने खरोखरीच परिणामांचा विचार केलेला नव्हता. आणि बोलणारा बाप स्वतः नुकताच आपले मूल गमावून बसला आहे. त्याला दोषी ठरवण्याचे धैर्य आम्हाला होत नाही. तरीही सत्य बोलण्यालाही वेळ असते. खांद्यावर आधीच उल्कांचे ओझे असलेल्या मुलाने त्या क्षणी ते बोलणे कसे ऐकले असेल? ‘तू चूक केलीस’ असे ते होते. ‘तू म्हणजेच आमच्या घरावर आलेले संकट’ असे त्याने ते ऐकले.

धर्मग्रामात काम करीत असताना अशी घरे आम्ही पाहिली आहेत. कोणाच्या हातून मोटारसायकल घसरून मागे बसलेला भाऊ गेला. कोणी बापाची आयुष्यभराची पुंजी धंद्यात घालवली. त्या घरांत दुःखाच्या पहिल्या तडाख्यात बोलले गेलेले एखादे वाक्य वर्षानुवर्षे जिवंत राहते. बोलणारा ते विसरून जातो. ऐकणारा विसरत नाही. दोघेही मिस्साला एकाच बाकावर बसतात आणि शांतीची खूण देताना एकमेकांकडे पाहत नाहीत. ‘निर्गम’मधील रुग्णालयाचा प्रसंग पाहताना त्या बाकांची आठवण होणे अपरिहार्य आहे.

लाल अंगठी

यानंतर क्लार्क जे करतो त्यात या भागाची खरी शोकात्मता आहे, असे आमचे मत आहे. आपण ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांना आपल्यामुळे केवळ इजा होते, असे ठरवून तो घर सोडण्याचा निश्चय करतो. लॅना त्याला थांबण्यासाठी विनवते. त्याच्याजवळ लाल क्रिप्टोनाइटची अंगठी आहे. तिचा गुण त्याला याच पर्वातील पूर्वीच्या अनुभवावरून ठाऊक आहे : ती बोटात असली की मनावरचा अंकुश सुटतो, लाज आणि टोचणी नाहीशी होते. ती तो स्वतःच्या हाताने बोटात घालतो, मोटारसायकलवर बसतो आणि मेट्रोपोलिसच्या दिशेने निघून जातो. पर्व संपते.

काही समीक्षक या अंगठीला लेखकांची पळवाट म्हणतील. नायकाला वाईट वागवावयाचे, पण त्याचा दोष त्याच्यावर येऊ द्यावयाचा नाही; मग एखादा जादूचा खडा पुढे करावयाचा! हा आक्षेप निराधार नाही. मालिकेत इतरत्र लाल खड्याचा वापर तसा झालेलाही आहे. पण येथे परिस्थिती वेगळी आहे. कोणी फसवून त्याच्या बोटात अंगठी घातलेली नाही. तो पूर्ण शुद्धीवर असताना, तिचा परिणाम ठाऊक असताना, तिच्या परिणामासाठीच ती घालतो. नीतिशास्त्रात याला उत्तर आहे. दारूच्या नशेत माणूस जे करतो ते तो शुद्धीवर करीत नाही, हे खरे; परंतु असे काही होईल हे ठाऊक असूनही त्याने पेला उचलला असेल, तर पुढच्या कृत्याची जबाबदारी त्या पेल्यापर्यंत मागे जाते. म्हणूनच अंगठी क्लार्कची सुटका करीत नाही. ती त्याचा दुसरा आणि अधिक गंभीर अपराध आहे.

पहिला अपराध उतावीळपणाचा होता. दुसरा निराशेचा आहे. यान फोडताना त्याला आपले घर वाचवावयाचे होते. अंगठी घालताना त्याला केवळ स्वतःच्या मनातील टोचणी मारावयाची आहे. दोन्ही वेळा पद्धत तीच : जो आवाज सहन होत नाही तो बंद पाडावयाचा. आधी जॉर-एलचा आवाज, आता सदसद्विवेकाचा. पहिला आवाज परक्याचा होता, त्याला नकार देणे योग्यही होते. दुसरा त्याच्या स्वतःच्या अंतःकरणाचा होता, आणि केंटांच्या घरात तो त्याला ऐकावयास शिकवला होता.

प्रभूच्या दुःखसहनाच्या रात्री दोन शिष्य पडले. पेत्राने तीन वेळा त्याला नाकारले आणि कोंबडा आरवल्यावर तो बाहेर जाऊन रडला. यहूदाने चांदीची नाणी मंदिरात फेकली आणि तोही बाहेर गेला. दुःख दोघांनाही झाले होते. एकाचे दुःख त्याला प्रभूच्या नजरेकडे परत नेणारे होते, दुसऱ्याचे त्याला एकांताकडे आणि नाशाकडे नेणारे. पश्चात्ताप आणि निव्वळ पस्तावा यांतील हा भेद आपण चाळीस दिवसांच्या उपवासकाळात दरवर्षी ऐकतो. क्लार्क केंट मोटारसायकलवर बसतो तेव्हा तो कोणत्या वाटेने चालला आहे, हे सांगावयास धर्मज्ञान लागत नाही.

भागाचे नाव ‘निर्गम’ का ठेवले असावे, याचा विचार येथे करता येतो. पवित्र शास्त्रातील निर्गम हा दास्यातून स्वातंत्र्याकडे जाणारा प्रवास आहे. एक संपूर्ण समाज एकत्र बाहेर पडतो आणि परमेश्वर दिवसा मेघस्तंभाने व रात्री अग्निस्तंभाने त्याच्यापुढे चालतो. क्लार्कचा प्रवास याच्या अगदी उलट दिशेने होतो. तो एकटा निघतो, घरातून निघतो आणि एका अंगठीच्या दास्यात शिरतो. जाणूनबुजून असो वा नसो, लेखकांनी हे नाव देऊन आपल्या नायकाचे पलायन एका थोर शब्दाच्या प्रकाशात उभे केले आहे. त्या प्रकाशात ते अधिकच केविलवाणे दिसते. त्याच भागाच्या अखेरीस मधुचंद्राला निघालेला लेक्स विमानात जागा होतो, तेव्हा वधू आणि वैमानिक दोघेही नाहीसे झालेले असतात आणि विमान खाली कोसळू लागलेले असते. दोन मित्र एकाच दिवशी दोन दिशांना एकटे पडतात, ही रचना विलक्षण परिणामकारक झाली आहे.

शोधण्यास गेलेला बाप

या भागाची एक मोठी उणीव मात्र सांगितली पाहिजे. गेलेले बाळ. कथेला नायकाच्या पतनासाठी काही किंमत हवी होती, आणि ती किंमत म्हणून त्या न जन्मलेल्या जिवाचा उपयोग केला गेला. मार्थाचे दुःख आपल्याला ओझरते दिसते. ॲनेट ओटूल यांच्यासारखी समर्थ नटी असूनही तिला त्या दुःखासाठी पुरेसा अवकाश दिलेला नाही. क्लार्कच्या अपराधभावनेने सारा पडदा व्यापला आहे. ज्या मातांनी असे बाळ गमावले आहे, ज्याचे नाव ठेवले गेले नाही आणि ज्याच्यासाठी शेजाऱ्यांनी शोकही केला नाही, त्यांना येथे आपले दुःख पुन्हा एकदा दुसऱ्या कोणाच्या कथेतील तपशील झालेले दिसेल. गर्भातील जीव हा देवाने नावाने हाक मारलेला जीव आहे, असे मानणाऱ्या आपल्या समाजाने हा आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे.

तिसऱ्या पर्वाचे पहिले दोन भाग ऑक्टोबर २००३ मध्ये, १ आणि ८ तारखेला प्रक्षेपित झाले. तीन महिने लोटले आहेत. क्लार्क मेट्रोपोलिसमध्ये ‘कॅल’ या नावाने राहतो, लुटालूट करतो, उधळपट्टी करतो. उधळ्या पुत्राची कथा येथे उघड आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३० नोव्हेंबर १९८० च्या देवाच्या दयेविषयीच्या परिपत्रकात या दाखल्यावर एक प्रकरणच लिहिले आहे. त्यात त्यांनी मुलाच्या मालमत्तेपेक्षा त्याने गमावलेल्या पुत्रत्वाच्या प्रतिष्ठेवर भर दिला आहे. क्लार्कच्या बाबतीत ही गोष्ट अक्षरशः घडते. त्याने आईवडिलांनी दिलेले नावच टाकून दिले आहे.

पण दाखल्यात आणि मालिकेत एक फरक आहे, आणि तो विचार करावयास लावणारा आहे. दाखल्यातील मुलाला भूक लागते. डुकरांच्या शेंगा पाहून तो शुद्धीवर येतो आणि आपल्या पायांनी घरी निघतो. बापाला दारात वाट पाहणे पुरते. क्लार्कच्या बोटात अंगठी आहे. त्याला भूक लागूच शकत नाही. जो अशा नशेत आहे त्याच्यासाठी दार उघडे ठेवून भागत नाही, कोणीतरी उठून शहरात गेले पाहिजे. जोनाथन जातो. सामान्य माणसाचे बळ तेथे पुरणार नाही म्हणून तो जॉर-एलशी करार करून त्याच्याकडून बळ घेतो. लूकच्या त्याच पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राच्या आधी हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे. जोनाथन केंट या दोन दाखल्यांतील बाप आणि मेंढपाळ एकत्र करतो.

दोघांची झुंज होते. मुठींनी प्रश्न सोडवण्याची या प्रकारच्या मालिकांची सवय येथेही सुटलेली नाही. पण निर्णायक क्षण मुठीचा नाही. क्लार्कचा बापावर उगारलेला हात थांबतो, आणि अंगठी फुटते. रुग्णालयात जो बाप मुलाला जाब विचारत होता तोच आता त्याच्या हाताखाली मार खाण्याच्या तयारीने उभा आहे, हे त्याला दिसते. जोनाथनला त्या घेतलेल्या बळाची किंमत पुढे मोजावी लागते. त्याचे हृदय कायमचे दुबळे होते, आणि २६ जानेवारी २००६ रोजी प्रक्षेपित झालेल्या पाचव्या पर्वातील भागात त्याचा मृत्यू होतो. मुलाला परत आणण्यासाठी बापाने आपल्या आयुष्यातील वर्षे दिली, हे मालिकेने दोन वर्षांहून अधिक काळ मनात धरून ठेवले, याबद्दल लेखकांचे श्रेय मान्य केले पाहिजे. बाळाच्या बाबतीत जी स्मृती त्यांनी राखली नाही ती बापाच्या बाबतीत राखली.

रुग्णालयातील ते बोलणे जोनाथन कधीही मागे घेत नाही, कारण बोललेला शब्द मागे घेता येत नाही. पण त्या शब्दानंतर तो घरी बसून राहत नाही. आमच्या मते या तीन भागांचे एकत्रित सार एवढेच आहे, आणि ते आपल्या कुटुंबांच्या कामाचे आहे. मूल चुकले तर सत्य सांगावे लागते. ते कधी कधी चुकीच्या वेळी सांगितले जाते. मग ज्याने सांगितले त्यानेच उठून मुलाला शोधावयास जावे लागते.

तेव्हा वाचकांना आमची सूचना अशी. ज्यांच्या घरी वाढत्या वयाची मुले आहेत त्यांनी ‘निर्गम’ हा भाग त्यांच्याबरोबर बसून पाहावा. मेट्रोपोलिसमधील काही दृश्ये लहानग्यांसाठी नाहीत, हे ध्यानात ठेवावे. आणि दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस थांबू नये. मोटारसायकल अंधारात दिसेनाशी होते तेथेच दूरचित्रवाणी बंद केली, तर मुलांच्या मनात एवढेच राहील की एकदा घर मोडले की निघून जाणे हाच मार्ग. तिसऱ्या पर्वाचे पहिले दोन भागही त्याच आठवड्यात दाखवावेत. त्यानंतर मुलांना एकच प्रश्न विचारावा : क्लार्कने अंगठी घालण्यापूर्वी कोणाकडे जावयास हवे होते? उत्तरे निरनिराळी येतील. कोणी लॅनाचे नाव घेईल, कोणी लेक्सचे. आम्हाला वाटते की बहुतेक मुले आईचे नाव घेतील. रुग्णालयात, दोन खोल्यांपलीकडे, ती पडून होती.